केबल उत्पादनातील पर्यावरणीय मानके

केबल उत्पादनातील पर्यावरणीय मानके म्हणजे विजेच्या व दूरसंचाराच्या तारा आणि केबल तयार करताना वापरले जाणारे पदार्थ, कारखान्यातून बाहेर पडणारे सांडपाणी व वायू, आणि वापर संपल्यानंतर उरणारे भंगार यांवर घातलेली कायदेशीर व तांत्रिक बंधने होत. केबलची रचना वरवर साधी दिसते: मध्ये तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वाहक आणि त्याभोवती प्लास्टिकचे आवरण. मात्र हे आवरण टिकाऊ, लवचीक व आगीला दाद न देणारे व्हावे म्हणून त्यात शिसे, कॅडमियम, थॅलेट, ब्रोमीनयुक्त संयुगे असे पदार्थ दीर्घकाळ मिसळले गेले. ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे या उद्योगातील मानकांची अंमलबजावणी कारखान्याच्या धुराड्यापेक्षा प्रयोगशाळेत, बंदरावर आणि खरेदीदाराच्या करारात अधिक घडते. जेथे या तिन्हींपैकी काहीच नसते, तेथे मानक बहुधा कागदावरच राहते.

उत्पादनप्रक्रिया आणि प्रदूषणाचे स्रोत

केबलचा कारखाना हा रासायनिक कारखान्याच्या तुलनेत कोरडा उद्योग मानला जातो. साधारण ८ मिलिमीटर व्यासाची तांब्याची सळई साच्यांमधून ओढून तिची तार बनवतात. या वेळी थंडावा व वंगण म्हणून तेल आणि पाण्याचे दुधाळ मिश्रण वापरले जाते. त्यात तांब्याचे बारीक कण साठत जातात आणि निकामी झालेले मिश्रण घातक कचऱ्यात गणले जाते. तारेवर कथिलाचा मुलामा द्यायचा असल्यास आम्लाने धुण्याची पायरी येते आणि तिचे सांडपाणी निर्माण होते. त्यानंतर तार तापवून मऊ केली जाते आणि वितळलेल्या प्लास्टिकचे आवरण तिच्यावर दाबयंत्राने चढवले जाते.

उच्च दाबाच्या केबलसाठी वापरल्या जाणाऱ्या क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीनमध्ये पेरॉक्साइडची अभिक्रिया होऊन मिथेन व ॲसिटोफिनोन यांसारखे पदार्थ तयार होतात. केबल काही काळ उबदार खोलीत ठेवून ते बाहेर काढावे लागतात. मिथेन साठू न देणे हा येथे पर्यावरणापेक्षाही सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. मोटारींच्या गुंडाळीसाठी लागणाऱ्या एनॅमल तारेच्या भट्ट्यांतून क्रेसॉल, फिनॉल व झायलीन यांच्या वाफा निघतात. त्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने जाळून टाकण्याची व्यवस्था नसेल, तर त्या परिसरात उग्र वास पसरतो. केबल उद्योगाविरुद्ध शेजाऱ्यांची तक्रार व्हावी असा प्रकार बहुधा हाच असतो, कारण बाकीचे प्रदूषण कोणाच्या नाकाला जाणवत नाही.

शिसे इतके दिवस का टिकले

पॉलिव्हिनाइल क्लोराइड म्हणजेच पीव्हीसी या प्लास्टिकच्या वजनाचा सुमारे ५७ टक्के भाग क्लोरीनचा असतो. ते वितळवताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटते, हे आम्ल पुढील विघटनाला गती देते आणि प्लास्टिक पिवळे, तपकिरी व शेवटी काळे पडते. हे रोखण्यासाठी स्थिरीकारक मिसळावा लागतो. ट्रायबेसिक लेड सल्फेट, डायबेसिक लेड थॅलेट अशी शिशाची संयुगे हे काम स्वस्तात करतात. केबलच्या बाबतीत त्यांचा आणखी एक गुण मोलाचा ठरला. आम्ल शोषून तयार होणारे लेड क्लोराइड पाण्यात फारसे विरघळत नाही आणि वीजही वाहून नेत नाही, म्हणून दमट हवेतही आवरणाची विद्युतरोधकता टिकून राहते. पाइप किंवा खिडक्यांच्या चौकटी बनवणाऱ्यांना शिसे सोडणे त्यामानाने सोपे गेले, तर केबल उद्योगाला अवघड, याचे कारण या रसायनशास्त्रात आहे.

पर्याय म्हणून पुढे आलेल्या कॅल्शियम-झिंक स्थिरीकारकात झिंक क्लोराइड तयार होते आणि ते स्वतःच विघटनाला चालना देते. त्यामुळे हायड्रोटाल्साइटसारखे साहाय्यक पदार्थ आणि तापमानावर बारीक लक्ष आवश्यक ठरते. जुनी यंत्रे आणि भंगारातून आलेला दाणा वापरणाऱ्या लहान उत्पादकाला हा बदल महाग पडतो. उलट, शिशाचा सर्वाधिक धोका याच ठिकाणी, भुकटी हाताळून मिश्रण करणाऱ्या कामगाराला असतो. एकदा प्लास्टिकमध्ये बंदिस्त झालेले शिसे घराच्या भिंतीत बहुतांशी स्वस्थ पडून राहते. ते पुन्हा मोकळे होते ते केबल जाळली किंवा दळली गेल्यावर.

युरोपीय महासंघातील पीव्हीसी उद्योगाने शिशाच्या स्थिरीकारकांचा वापर २०१५ च्या अखेरीपर्यंत स्वेच्छेने थांबवला. बाहेरून आयात होणाऱ्या मालाला मात्र हे स्वेच्छेचे बंधन लागू नव्हते. २०२३ मध्ये महासंघाने पीव्हीसीतील शिशावर ०.१ टक्क्याची मर्यादा घालणारा नियम केला आणि तो २९ नोव्हेंबर २०२४ पासून लागू झाला.

पूर्वेतिहास

केबलमधील पदार्थांचा पहिला इशारा कामगारांच्या त्वचेवर उमटला. १९३० व १९४० च्या दशकांत तारांच्या आवरणासाठी क्लोरीनयुक्त नॅप्थलीन आणि पॉलिक्लोरिनेटेड बायफिनिल म्हणजेच पीसीबी यांचे मेण वापरले जाई. ते हाताळणाऱ्या कामगारांच्या चेहऱ्यावर व हातांवर क्लोरॅक्ने या प्रकारचे पुरळ उठत असे. इंग्रजीत त्याला ‘केबल रॅश’ असेच नाव पडले होते. काही कामगारांना यकृताचा गंभीर विकारही झाला. तरीही हे मेण आग सहन करणारे असल्याने दुसऱ्या महायुद्धात युद्धनौकांच्या केबलसाठी त्याची मागणी वाढतच गेली.

अशाच केबल अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या हेस्टिंग्ज-ऑन-हडसन या गावी ॲनाकोंडा वायर अँड केबल कंपनीच्या कारखान्यात बनत. नदीत भराव टाकून तयार केलेल्या या जागेत पीसीबी खोलवर मुरले. तेल, आम्लयुक्त पाणी आणि धातूंचे कण नदीत जात होते ते निराळेच. फ्रेड डॅनबॅक नावाच्या कामगाराने वरिष्ठांकडे तक्रारी केल्या, पण त्यांचा उपयोग झाला नाही. पुढे सफाई कामगार म्हणून कारखानाभर फिरण्याची मुभा मिळाल्यावर त्याने कोणता पाइप कोठून येऊन नदीत कोठे रिकामा होतो याची नोंद ठेवली. ही माहिती सरकारी वकिलांपर्यंत पोहोचली आणि १८९९ च्या एका जुन्या कायद्याखाली, नद्यांत कचरा टाकण्यास मनाई करणाऱ्या तरतुदीनुसार, कंपनीवर खटला भरला गेला. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात कंपनीला २ लाख डॉलरचा दंड झाला. त्या कायद्याखालील दंडांमध्ये तेव्हा ही मोठी रक्कम समजली गेली. माहिती देणाऱ्याला दंडाचा काही भाग देण्याची तरतूदही या कायद्यात होती.

कारखाना १९७५ मध्ये बंद पडला. जमिनीतील पीसीबी मात्र तेथेच राहिले आणि मालकी एका कंपनीकडून दुसरीकडे जात असताना स्वच्छतेची जबाबदारीही तिच्याबरोबर हस्तांतरित होत गेली. गाव, नदीरक्षक संस्था आणि राज्य सरकार यांच्या दाव्यांतून व करारांतून या जागेच्या शुद्धीकरणाचा आराखडा ठरण्यास दोन-तीन दशके लागली. अमेरिकेत पीसीबीच्या उत्पादनावर बंदी आणणारा विषारी पदार्थ नियंत्रण कायदा कारखाना बंद झाल्याच्या पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये आला.

प्लेस्टेशन प्रकरण आणि आरओएचएस निर्देश

मानकांच्या अंमलबजावणीचा केंद्रबिंदू कारखान्याच्या नळावरून मालाच्या घटकांवर कसा आला, हे एका प्रकरणावरून स्पष्ट होते. डिसेंबर २००१ मध्ये, ख्रिसमसच्या विक्रीच्या तोंडावर, नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनी कंपनीच्या सुमारे १३ लाख प्लेस्टेशन खेळयंत्रांचा साठा अडवला. यंत्राला जोडायच्या केबलमध्ये त्या देशाच्या कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक कॅडमियम आढळले होते. केबल सोनीने स्वतः बनवली नव्हती. ती पुरवठादाराकडून आली होती आणि त्याचा कच्चा माल आणखी कोणाकडून. तरीही केबल बदलण्याचा खर्च आणि हुकलेली विक्री सोनीलाच सोसावी लागली. त्यानंतर कंपनीने पुरवठादारांसाठी घातक पदार्थांची स्वतःची मर्यादासूची आणि तपासणीची पद्धत लागू केली. इतर मोठ्या कंपन्यांनीही असेच केले. आशियातील असंख्य केबल उत्पादकांना कॅडमियम व शिसे यांच्याविषयीची पहिली लेखी ताकीद सरकारकडून न येता खरेदीदाराच्या पत्रातून आली.

युरोपीय महासंघाचा आरओएचएस या नावाने ओळखला जाणारा, विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील घातक पदार्थांवरील निर्देश २००३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै २००६ पासून लागू झाला. त्यात शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांचे दोन गट यांना वजनाच्या ०.१ टक्का, तर कॅडमियमला ०.०१ टक्का इतकी कमाल मर्यादा ठरवली गेली. २०११ च्या सुधारित निर्देशात केबलची स्वतंत्र व्याख्या आली. उपकरणाला वीजपुरवठ्याशी किंवा दोन उपकरणांना एकमेकांशी जोडणाऱ्या, २५० व्होल्टपेक्षा कमी दाबाच्या केबल तिच्या कक्षेत आल्या. २२ जुलै २०१९ पासून बहुतेक उपकरणांसाठी चार थॅलेटही यादीत आले. थॅलेटांमुळे पीव्हीसी मऊ होते, म्हणून हा बदल केबल उद्योगाला विशेष झोंबला.

या व्याख्येमुळे एक विसंगती निर्माण झाली. फोनच्या चार्जरची बोटभर जाडीचीही नसलेली केबल कडक नियमाखाली आली, पण इमारतीच्या भिंतींतून शेकडो मीटर धावणारी, अधिक दाबाची तार या निर्देशाबाहेर राहिली. त्या तारेवर युरोपात बांधकाम उत्पादनांचे नियम लागू होतात. १ जुलै २०१७ पासून तिचे आगीतील वर्तन, धूर आणि आम्लयुक्त वायू यांनुसार वर्गीकरण करणे बंधनकारक आहे. परंतु हे नियम ती कशाने बनली यापेक्षा ती कशी जळते हे पाहतात. शिशाची मर्यादा अशा तारांना लागू झाली ती वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या नियमाने.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात वेगळाच मार्ग चालला. १९८६ च्या ‘प्रपोझिशन ६५’ या कायद्याखाली नागरिक व संस्थांना थेट दावा लावता येतो. हाताळताना बोटांना लागणाऱ्या शिशाबद्दल विजेच्या दोऱ्यांच्या उत्पादकांवर व विक्रेत्यांवर असे दावे झाले आणि तडजोडींतून बाह्य आवरणातील शिशाला दशलक्ष भागांत ३०० भाग ही मर्यादा व्यवहारात रूढ झाली. सरकारी निरीक्षकाऐवजी वादी हाच येथे अंमलबजावणीचा हात ठरतो.

तपासणी

मर्यादा संपूर्ण केबलच्या वजनावर मोजली जात नाही, तर ‘एकजिनसी पदार्थावर’ मोजली जाते. वाहक, प्रत्येक गाभ्याचे आवरण, मधला भराव, बाहेरचे आवरण आणि त्यावरील छपाईची शाई हे सर्व वेगवेगळे पदार्थ मानले जातात. पाच गाभ्यांपैकी एकाच्याच रंगात कॅडमियम असेल, तर बाकी चार स्वच्छ असल्याचा फायदा मिळत नाही.

पहिली चाचणी बहुधा हातात धरण्याच्या क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राने होते. काही मिनिटांत ते शिसे, कॅडमियम, क्रोमियम व ब्रोमीन किती आहे हे सांगते. क्रोमियम षट्संयुजी आहे का आणि ब्रोमीन नेमके कोणत्या संयुगात आहे, हे मात्र त्याला कळत नाही. थॅलेट तर ते पाहूच शकत नाही. संशयास्पद नमुने प्रयोगशाळेत विरघळवून आयईसी ६२३२१ या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेतील पद्धतींनी तपासले जातात. युरोपात उत्पादकाने तांत्रिक कागदपत्रे दहा वर्षे जपून ठेवणे आवश्यक असते आणि सदस्य देशांच्या बाजार देखरेख यंत्रणा दुकानांतून व आयातीतून नमुने उचलतात. तपासला जाणारा माल एकूण मालाच्या मानाने फारच थोडा असतो. एखादा साठा अडवला गेल्यावर होणाऱ्या नुकसानीची भीतीच या व्यवस्थेला चालवते.

भारतातील स्थिती

भारतात केबल कारखान्यावर तीन निरनिराळ्या यंत्रणांची नजर असते आणि तिघींचे विषय वेगळे आहेत.

पहिली यंत्रणा प्रदूषण नियंत्रण मंडळांची आहे. जल प्रदूषण कायदा, १९७४ आणि वायू प्रदूषण कायदा, १९८१ यांखाली उद्योग उभारण्यापूर्वी व चालवताना मंडळाची संमती घ्यावी लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ केंद्रीय कायद्याच्याही आधी, राज्याच्या १९६९ च्या कायद्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. पुण्याजवळील पिंपरी-उर्से परिसर आणि गोवा येथे केबल उद्योग रुजला तो याच नियमांच्या चौकटीत. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात तांबे लिटरमागे ३ मिलिग्रॅम, शिसे ०.१ मिलिग्रॅम आणि तेल व ग्रीस १० मिलिग्रॅम यांहून अधिक असू नये. उल्लंघन झाल्यास मंडळ कारखाना बंद करण्याचा व त्याचा वीज-पाणीपुरवठा तोडण्याचा आदेश देऊ शकते. फौजदारी खटल्यापेक्षा हाच अधिकार अधिक परिणामकारक ठरत आला आहे, कारण खटले वर्षानुवर्षे चालतात आणि वीज एका दिवसात जाते. पर्यावरण संरक्षण कायद्यातील कैदेची शिक्षा २०२३ च्या जनविश्वास कायद्याने बव्हंशी काढून टाकली आणि तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. हा दंड न्यायालयाऐवजी निर्णय अधिकारी ठरवतो.

दुसरी यंत्रणा भारतीय मानक ब्यूरोची आहे. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानुसार घरगुती तारांसह अनेक प्रकारच्या केबलवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. आयएस ६९४ हे पीव्हीसी तारांचे आणि आयएस ५८३१ हे त्यांच्या आवरणाच्या मिश्रणाचे मानक आहे. यांचा भर विद्युतरोध, ताण, उष्णता आणि आगीतील वर्तन यांवर आहे. हॅलोजनमुक्त केबलसाठी २०१८ मध्ये आयएस १७०४८ हे वेगळे मानक आले. दुकानात ‘एफआर’ असे छापलेली तार ग्राहक सुरक्षित समजून घेतो. ती ज्वाला पसरू देत नाही हे खरे, पण ती हॅलोजनमुक्त किंवा शिसेमुक्त असेलच असे त्या अक्षरांवरून ठरत नाही.

तिसरी चौकट ई-कचरा नियमांची आहे. २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि त्यांतील घातक पदार्थांच्या मर्यादा १ मे २०१४ पासून. या मर्यादा युरोपातील मूळ सहा पदार्थांच्याच आहेत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात असलेल्या २०२२ च्या नियमांनुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बाजारातून नमुने घेऊ शकते आणि दोषी माल उत्पादकाला परत घ्यावा लागतो. यादी उपकरणांची असल्याने केबल तिच्यात येते ती उपकरणाचा भाग म्हणून. शिवाय सूक्ष्म उद्योगांना हे नियम लागू नाहीत. मुंबईच्या लोहार चाळीसारख्या बाजारात वजनावर विकल्या जाणाऱ्या तारेपर्यंत ही मर्यादा त्यामुळे पोहोचत नाही. पीव्हीसीतील शिशाच्या स्थिरीकारकांविषयी २०२१ मध्ये केंद्राने जे नियम केले, ते पाइप व त्यांच्या जोडभागांपुरते आहेत.

निर्यात करणारे मोठे भारतीय उत्पादक युरोपीय मर्यादा पाळतात. त्यामुळे एकाच कारखान्यात निर्यातीसाठी एक आणि देशी बाजारासाठी दुसरे मिश्रण वापरणे शक्य होते आणि देशी कायदा त्याला आडकाठी करत नाही.

भंगार आणि जाळणी

केबलमधील तांब्याला भंगारात चांगला भाव मिळतो, म्हणून केबल सहसा कचऱ्यात जात नाही. तांबे वेगळे करण्याचे दोन मार्ग आहेत. यंत्राने आवरण सोलणे किंवा केबलचा चुरा करून वजनानुसार धातू व प्लास्टिक निवडणे हा एक, आणि उघड्यावर जाळणे हा दुसरा. बारीक तारांचे गुंतवळे सोलायला फार वेळ लागतो, म्हणून जाळण्याचा मोह त्यांच्याच बाबतीत अधिक होतो. पीव्हीसीतील क्लोरीन आणि उत्प्रेरकाचे काम करणारे तांबे एकत्र आल्याने अशा धुमसत्या आगीत डायॉक्सिन व फ्युरान तयार होतात. २००१ च्या स्टॉकहोम कराराच्या परिशिष्टात या विषारी पदार्थांच्या स्रोतांची यादी आहे. तिच्यात ‘तांब्याच्या केबल धुमसत जाळणे’ याचा स्वतंत्र उल्लेख आढळतो. भारताने या कराराला २००६ मध्ये मान्यता दिली. चीनमधील ग्वेयू, घानातील ॲगबोग्ब्लोशी आणि दिल्लीतील सीलमपूर-मंडोली ही ठिकाणे अशा कामासाठी कुप्रसिद्ध झाली.

भारताच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांत पीव्हीसी आवरणाचे तांब्याचे भंगार आणि जेलीभरित दूरसंचार केबल यांची पुनर्चक्रणयोग्य घातक कचरा म्हणून नावानिशी नोंद आहे. त्यावर प्रक्रिया करणाऱ्याला मंडळाची परवानगी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेवर उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली आणि साध्या प्रसंगी ५ हजार, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. ती वसूल करायची झाल्यास जाळणारा प्रत्यक्ष सापडावा लागतो. केबल रात्री, शहराच्या कडेला, पोटावर काम करणाऱ्या मजुराकडून जाळली जाते. तांबे विकत घेणारा व्यापारी आणि ते वितळवणारा कारखाना या आदेशाच्या कक्षेत थेट येत नाहीत. वितळलेले तांबे पुन्हा सळई होऊन केबलच्याच कारखान्यात परतते. त्या सळईच्या शुद्धतेची व वाहकतेची चाचणी होते, पण ती कोणत्या भंगारातून आणि कशी मिळवली हे त्या चाचणीत विचारले जात नाही.